बादलीत कोरडे, तळ्यात ओले : पाण्याखालच्या यानाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : केबलने जोडलेले, वरून चालवायचे पाण्याखालचे यान, म्हणजे आरओव्ही. कंट्रोलर आणि प्रोग्रॅम जवळपास सगळ्यांचे चालू आहेत. गाडे अडले आहे ते तारा, रबर आणि वजन या तीन जागी, म्हणून उत्तरेही तिथेच लांबली आहेत.

प्रश्न : आमचा इलेक्ट्रॉनिक्सचा डबा ११० मिमी बाहेरच्या व्यासाच्या अ‍ॅक्रिलिक नळीचा आहे. दोन्ही टोकांना दोन-दोन ओ-रिंगची (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांची) झाकणे आहेत. बादलीत रात्रभर कोरडा राहिला. ४ मीटर पाण्यात मात्र तासाभराने आत दोन चमचे पाणी सापडले. ओ-रिंग बदलल्या, झाकणावर सिलिकॉन फासले, तरी तेच. पाणी येते कुठून?

उत्तर : बहुधा थ्रस्टरच्या, म्हणजे यानाला ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या मोटारींच्या, तारांमधून.

बादलीत ३० सेंमी खोलीवर पाण्याचा दाब दर चौ. सेंमीला ३० ग्रॅम असतो. ४ मीटरवर तो ४०० ग्रॅम होतो आणि तुमच्या एकेका झाकणावर साधारण ३८ किलोचा भार येतो. बादलीतल्या परीक्षेने एवढेच कळले, की डब्याला मोठे भोक नाही.

ओ-रिंगचा निकाल आधी लावून टाकू. नळीत सरकून बसणाऱ्या झाकणाच्या दोन्ही ओ-रिंग गळण्याची कारणे मोजकी आहेत : रिंगवर आडवा पडलेला केस, नळीच्या आतून लांबीच्या दिशेने गेलेला ओरखडा, किंवा चुकलेली खाच. रबर दाबले तरी त्याचे आकारमान कमी होत नाही, ते फक्त बाजूला पसरते. म्हणून रिंग तिच्या जाडीच्या १५ ते २५ टक्के दाबली जावी आणि पसरायला खाचेत रुंदी उरावी. ग्रीस फक्त रिंग चमकेल एवढेच लावा, गोळे राहिले तर त्यांना कचरा चिकटतो. सिलिकॉन ग्रीस नायट्राइल रबराला चालते. सिलिकॉन रबराच्या रिंगला मात्र लावू नका, ती फुगते. आणि फासलेले सिलिकॉन खरवडून काढा. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार असेल तर तो सुकताना तांब्याला गंजवतो.

आता तारा. केबलीचे टोक कापून भिंगाखाली धरा. तांब्याच्या बारीक धाग्यांमध्ये, आणि आतल्या तारा व बाहेरचे आवरण यांच्यामध्येही, मोकळ्या फटी दिसतील. थ्रस्टरच्या टोकाला ही केबल पाण्यात उघडी असते. तिथे शिरलेले पाणी दाबाने फटींतून सरकत थेट डब्यात उतरते, तुमचे ग्लँड, म्हणजे केबल डब्यात शिरते तिथले आवळायचे बूच, बाहेरून कितीही घट्ट असो. केबल म्हणजे एक बारीक पाइपच झाला. फटी अरुंद असल्यामुळे पाणी यायला वेळ लागतो. एक तास आणि दोन चमचे हे त्याच्याशी जुळते.

खात्री करायची तर हातपंपाने डब्यातली हवा खेचा. पाऱ्याच्या मापात २५० मिमी निर्वात पुरेसा आहे, तो सुमारे ३.४ मीटर खोलीइतका दाब देतो. १५ मिनिटांत काटा २५ मिमीपेक्षा कमी उतरला तर डबा ठीक. जास्त उतरला तर एकेका थ्रस्टरच्या टोकाशी, तार जिथून निघते तिथे, घट्ट ग्रीसचा गोळा दाबून धरा. ज्या टोकाला काटा थांबेल ती केबल दोषी. ही चाचणी सावलीत करा. डबा उन्हात तापला की आतला दाब वाढतो आणि गळती नसतानाही काटा उतरतो.

दुरुस्ती म्हणजे तारेतली वाट बंद करणे. डब्याच्या भिंतीत बसणारा, आतून पोकळ बोल्ट किंवा नळीचा तुकडा घ्या. त्यात येणाऱ्या भागातले केबलीचे बाहेरचे आवरण ४० मिमी सोला. आतल्या प्रत्येक तारेचे आवरण मध्येच ६ ते ८ मिमी काढून तिथे सोल्डर इतके मुरवा, की सगळे धागे एकजीव होतील. एका तारेची उघडी जागा दुसरीच्या शेजारी येऊ देऊ नका, वर-खाली ठेवा. बाहेरचे आवरण ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. मग नळी उभी धरून आधी ५ मिमी इपॉक्सी ओता. ते घट्ट झाले की खालून गळायची भीती जाते, त्यानंतर उरलेली नळी भरा. पाच मिनिटांत आवळणारे इपॉक्सी इथे नको. बुडबुड्यांना वर यायला वेळच मिळत नाही आणि पाण्यात ते लवकर कमजोर होते. २४ तासांचे घ्या, दोन्ही भाग वजनकाट्यावर मोजा.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नेटवर्क केबलीच्या आतल्या बारीक तारांचे आवरण बहुधा पॉलिइथिलीनचे असते आणि त्याला इपॉक्सी चिकटत नाही. वरून दगडासारखा घट्ट दिसणारा सांधा तारेच्या कडेने सुटलेला राहतो. अशा तारांना उघड्या तांब्यावर सोल्डर आणि त्याभोवती इपॉक्सी, हाच इलाज.

प्रश्न : १२ व्होल्ट बॅटरी, प्रत्येकी ३ अँपिअरच्या तीन मोटारी. टेबलावर जोरात फिरतात. २५ मीटर लांब, १ चौ. मिमीच्या दोन तारांच्या केबलीवर जोडल्या की मरगळतात आणि तिन्ही एकदम सुरू केल्या की कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बॅटरी नवी आहे.

उत्तर : बॅटरीचा दोष नाही, व्होल्ट केबल खाते आहे. तांब्याच्या १ चौ. मिमी तारेचा रोध मीटरला ०.०१७२ ओहम असतो. वीज जाते आणि परतही येते, म्हणून २५ नव्हे, ५० मीटर धरायचे. रोध झाला ०.८६ ओहम. त्यातून ९ अँपिअर न्यायचे तर ७.७ व्होल्ट वाटेतच संपतात, मोटारींना उरतात ४.३. प्रत्यक्षात व्होल्ट पडले की मोटार कमी प्रवाह ओढते आणि आकडे अधेमधे कुठेतरी स्थिरावतात. मरगळ दिसते ती हीच. सुरू होताना मात्र मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागते, तेवढ्या क्षणात व्होल्ट कोसळतात आणि कॅमेरा झोपतो.

जाड तार हा पहिला सुचणारा उपाय. २.५ चौ. मिमीला ३.१ व्होल्ट जातील, ४ चौ. मिमीला १.९. पण ४ चौ. मिमीची केबल लोखंडी सळीसारखी वागते. यान वळेल तिकडे ती वळत नाही, यानालाच ओढत राहते.

आमचे मत स्पष्ट आहे : १५ मीटरपुढे केबलीतून ४८ व्होल्ट पाठवा आणि यानात कन्व्हर्टरने १२ करा. तेवढीच १०८ वॅट शक्ती ४८ व्होल्टला २.२५ अँपिअरमध्ये जाते. तुमच्या आहे त्याच केबलीत तोटा १.९ व्होल्टवर येतो. उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती सुमारे ७० वॅटवरून साडेचार वॅटवर येते, कारण तोटा प्रवाहाच्या वर्गाने बदलतो. कन्व्हर्टर गरजेच्या दीडपट तरी क्षमतेचा घ्या आणि त्याची पाठ अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाला टेकवा. बाहेरचे पाणी त्याला फुकट थंड ठेवते. अ‍ॅक्रिलिकच्या बंद नळीत हवेवर सोडलेला कन्व्हर्टर गरम होऊन स्वतःच बंद पडतो.

कॅमेरा आणि कंट्रोलर यांना वेगळा छोटा कन्व्हर्टर द्या. प्रोग्रॅममध्ये मोटारी शून्यावरून पूर्ण वेगाला ०.३ ते ०.५ सेकंदात चढवा, एका झटक्यात नको. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याची परतीची तार मोटारींच्या परतीच्या तारेपासून वेगळी ठेवा, नाहीतर मोटार फिरली की पडद्यावर आडव्या रेघा नाचतात.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून ३० सेंमीच्या आत हवा. पूर्ण भाराच्या दीडपट, म्हणजे ४८ व्होल्टच्या जोडणीत ३.४, बाजारातला ४ अँपिअरचा. चालवताना केबल रिळावरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. ओल्या हाताला ४८ व्होल्ट जाणवू शकतात, म्हणून जोडण्या झाकलेल्या असू द्या. भिंतीतल्या विजेवर चालणारा अ‍ॅडॉप्टर मात्र पाण्याच्या काठाशी आणायचाच नाही. एवढ्या एका गोष्टीला अपवाद नाही.

प्रश्न : केबल नकोच, वायफायने यान चालवता येणार नाही का?

उत्तर : नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी गोड्या पाण्यातही हात-दोन हातांच्या आत मरतात, खाऱ्यात त्याहून लवकर. ध्वनी पाण्यात दूर जातो, पण त्यावरून इतकी कमी माहिती जाते की हलते चित्र पाहत यान चालवणे जमत नाही. मधला मार्ग आहे : केबल एका तरंगत्या बोयापर्यंत आणि बोयावर अँटेना. काठावरून केबल ओढत फिरायची कटकट त्याने वाचते.

केबल अडकण्याची भीती मात्र खरी आहे. १९६६ मध्ये स्पेनमधल्या पालोमारेसजवळच्या समुद्रात हरवलेला अणुबाँब अमेरिकी नौदलाच्या कर्व्ह या यानाने सुमारे ८७० मीटर खोलीवर गाठला, तेव्हा ते यान बाँबच्या पॅराशूटच्या दोऱ्यांतच गुरफटले आणि दोघांना एकत्र वर ओढावे लागले. तुमची केबल अडकली तरी तिचा ताण ग्लँडवर येता कामा नये. केबल सांगाड्याला बांधा आणि तिथून डब्यापर्यंत ढिला फास सोडा.

प्रश्न : यानाचे वजन काठाजवळ अगदी बरोबर जमवले होते, तरंगत नव्हते, बुडतही नव्हते. ८ मीटरवर गेले आणि वर येईना. वरची मोटार पूर्ण जोरात चालवूनच काढले. वर मऊ फोमच्या नळ्या बांधल्या आहेत.

उत्तर : फोम दाबला गेला. मऊ फोममध्ये हवेचे बंद कप्पे असतात. १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्या हवेचे आकारमान निम्म्याजवळ येते. २ लिटर फोम असेल तर जवळजवळ १ किलोचा उचल जातो. ८ मीटरवर फार फरक नाही. वाईट भाग असा की ही क्रिया स्वतःला वाढवते : यान थोडे खाली जाते, फोम आणखी दाबतो, यान आणखी जड होते. मऊ फोम फक्त पोहण्याच्या तलावापुरता. त्याऐवजी दोन्ही टोके बंद केलेला पीव्हीसी पाइप किंवा बोटाने दाबल्यावर खड्डा न पडणारा कडक फोम वापरा.

वजन जमवायची पद्धतही नीट बसवून घ्या. डब्याचे आकारमान काढा : ११० मिमी व्यास आणि ३०० मिमी लांबी म्हणजे २.८५ लिटर, म्हणजे प्लावक बल २.८५ किलो. आतल्या सामानासह डबा १.६ किलो असेल तर तो १.२५ किलो वर उचलेल. बाकीचे भाग एकेक करून ताणकाट्याला टांगा, पाण्यात बुडवून वजन घ्या आणि वहीत लिहा. बेरीज-वजाबाकी कागदावर झाली की तलावात फक्त शेवटचे काही ग्रॅम जमवायचे उरतात.

पाइपच्या सांगाड्याला वर आणि खाली १० मिमीची भोके हवीत, वरच्या भोकांतून हवा निघते, खालच्यांतून पाणी शिरते. काल बरोबर असलेले वजन आज बिघडले तर आधी यान पाण्यातच उलटेसुलटे करून हलवा. दहातल्या बहुतेक वेळा बुडबुडे बाहेर पडतात आणि कालचे वजन परत येते.

फोम जितका वर आणि शिसे जितके खाली, तितके यान सरळ राहते. हाताने ३० अंश कलवून सोडा. एक-दोन झोके घेऊन ते स्थिर व्हायला हवे. शेवटी ५ किलोच्या यानाला ३० ते ५० ग्रॅम जास्तीचा उचल ठेवा, म्हणजे वीज गेली तरी ते हळूहळू वर येईल. समुद्रात नेणार असाल तर खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. ८ लिटर पाणी सारणाऱ्या यानाला तिथे २०० ग्रॅम शिसे जास्त लागेल.

केबलीचे पाण्यातले वजनही यात धरा. एका मीटरचा तुकडा १२ ग्रॅमने बुडत असेल तर २५ मीटरला ३०० ग्रॅम होतात, आणि यान जितके खोल जाईल तितका त्याच्यावरचा हा भार वाढतो. दर ५० सेंमीवर कडक फोमचा छोटा मणी अडकवला की प्रश्न सुटतो.

प्रश्न : बोटीतले पाणी उपसायच्या पंपाच्या मोटारी घ्याव्यात की ब्रशलेस थ्रस्टर?

उत्तर : पहिलेच यान आणि खोली ५-७ मीटर असेल तर पंपाच्या मोटारी. पंखा-कवच कापून दांड्यावर प्रोपेलर बसवला की झाले, उलटसुलट फिरवायला साधा ड्रायव्हर पुरतो. त्यांचा शत्रू म्हणजे दांड्याभोवतीचे रबरी सील. त्याच्यावर खोलीचा सगळा दाब येतो आणि प्रोपेलर जरा वाकडा बसला असेल तर ते एका बाजूने झिजते.

ब्रशलेसमध्ये सीलच नसते. पाणी आरपार फिरते आणि तांब्याच्या वेटोळ्यांवर इपॉक्सीचा थर असतो, म्हणून खोलीची चिंता नाही. त्याला दोन्ही दिशांना फिरवणारा ईएससी, म्हणजे मोटारीचा वेग ठरवणारे सर्किट, हवा. त्यात १५०० मायक्रोसेकंदाचा सिग्नल म्हणजे थांबा. प्लास्टिकच्या बुशांना पाणीच वंगण देते, म्हणून असा थ्रस्टर कोरडा काही सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका.

दोन्हीसाठी सांगतो : हवेत फिरणाऱ्या प्रोपेलरने ओढलेला प्रवाह काहीच सांगत नाही. मोजणी पाण्यात करा. समान भुजांची काटकोनी पट्टी कोपऱ्यावर फिरती ठेवा, एका टोकाला पाण्यात थ्रस्टर, दुसऱ्याला काठावरचा ताणकाटा. प्रवाह आणि जोर दोन्ही एकाच वेळी नोंदवा. टाकी लहान असेल तर पाणीच गोल फिरू लागते आणि काटा कमी दाखवतो. पुढे ढकलणाऱ्या दोन थ्रस्टरना एकमेकांच्या उलट पिळाचे प्रोपेलर बसवा, म्हणजे यान एका अंगावर कलत नाही.

प्रश्न : कॅमेऱ्याची काच आतून धुकटते आणि दिवे लावले की पांढरे ठिपकेच दिसतात.

उत्तर : धुके डब्यात कोंडलेल्या हवेतल्या बाष्पाचे. डबा कोरड्या जागी बंद करा, आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवा. ठिपके म्हणजे पाण्यातले कण. दिवा भिंगाच्या शेजारी असला की कणांवरचा उजेड सरळ परत येतो. दिवे बाजूला, निदान वीतभर लांब नेऊन किंचित बाहेरच्या दिशेने वळवा. चित्र अरुंद वाटत असेल तर तो कॅमेऱ्याचा दोष नाही. सपाट काचेतून अपवर्तनामुळे ९० अंशांचा देखावा पाण्यात ६४ अंशांवर येतो. मध्यबिंदूवर नेमके भिंग ठेवलेला अर्धगोल घुमट वापरला तर तो टिकतो.

प्रश्न : खोली धरून ठेवण्याचा प्रोग्रॅम चालू केला की यान वर-खाली उड्या मारते.

उत्तर : आधी दाब मोजणारा सेन्सर कुठे आहे ते पाहा. उभ्या थ्रस्टरच्या झोतात असेल तर मोटार फिरली की वाचन बदलते आणि यान स्वतःच्याच झोताला उत्तर देत बसते. तो आडोशाला न्या. मग पीआयडीतले, म्हणजे खोलीतली चूक पाहून मोटारीचा जोर ठरवणाऱ्या गणितातले, आय (साठत गेलेल्या चुकीला उत्तर देणारा आकडा) आणि डी (चूक किती वेगाने बदलते त्याला) शून्य करा, पी (आत्ताच्या चुकीला उत्तर देणारा) इतका कमी करा की उड्या थांबतील, त्यानंतर डी थोडा-थोडा वाढवा. आय सर्वांत शेवटी, फक्त त्या ३०-५० ग्रॅम उचलापुरता. तरीही बारीक थरथर राहिली तर ती ईएससीची असते : १५०० च्या आसपास एक पट्टा असा असतो जिथे मोटार फिरतच नाही. तो पट्टा मोजून प्रोग्रॅममध्ये ओलांडून जा.

प्रश्न : सगळे जोडून झाले आहे. तलावात सोडण्याआधी चाचणी कोणत्या क्रमाने घ्यावी?

उत्तर : आधी जोडलेले सगळे बाहेर काढा. पहिली बुडी रिकाम्या डब्याची.

डब्याच्या आतल्या भिंतीला टिश्यू पेपर लावा आणि त्यावर शाईच्या पेनाने आडव्या-उभ्या रेघा मारा. पाणी आले तर शाई जिथे फुटते तिथे दोष. झाकण बसवताना हवा जाण्याचे छोटे बूच उघडे ठेवा, नाहीतर आतली हवा दाबली जाते आणि झाकण हळूच परत बाहेर सरकते. झाकण बसल्यावर बूच लावा. २.८५ लिटरचा रिकामा डबा बुडवायला त्याच्या स्वतःच्या वजनासह ३ किलोहून जास्त वजन लागते. कमी पडणारे बाहेरून बांधा आणि डबा स्वतंत्र दोरीने, ठरवलेल्या खोलीच्या सव्वापट खाली, तासभर सोडा. तेवढी खोली मिळत नसेल तर पाण्याने भरलेल्या जाड पोलादी भांड्यात हातपंपाने दाब द्या. डब्यात कॉम्प्रेसरची हवा भरून गळती बघायचा मोह टाळा. दाबलेल्या हवेत साठलेली शक्ती फुटताना अ‍ॅक्रिलिकचे तुकडे उडवते.

रिकामा डबा कोरडा आला की तारांसह, पण इलेक्ट्रॉनिक्सशिवाय, तेच पुन्हा. मग इलेक्ट्रॉनिक्ससह टेबलावर अर्धा तास, सर्व दिवे आणि कॅमेरा चालू ठेवून, कन्व्हर्टरचे तापमान बघत. मग निर्वात चाचणी, आणि कमरेएवढ्या पाण्यात वजन. तिथेच कंट्रोलची केबल वरून मुद्दाम उपटा : मोटारी एका सेकंदात थांबल्या नाहीत तर पुढे जायचे नाही. त्यानंतर १ मीटरवर १० मिनिटे, वर काढून डब्यात बघा. मग २ मीटर, मग पूर्ण खोली.

प्रत्येक वेळी झाकण उघडले की निर्वात चाचणी पुन्हा, उघडून केलेले काम पाच मिनिटांचे असले तरी. खाऱ्या पाण्यातून आल्यावर यान गोड्या पाण्यात १५ मिनिटे बुडवून थ्रस्टर सावकाश फिरवा. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवलेले स्टीलचे स्क्रू त्याच दिवशी एकदा सैल करून ग्रीस लावून परत आवळा, कारण मीठ सुकल्यावर ते निघत नाहीत.